जळगाव-धुळ्यात हॉटेलची खोली घेताना: ऊन, आवाज आणि पाणी

एकाच हॉटेलातल्या, एकाच दराच्या दोन खोल्या. एकीतला पाहुणा सकाळी ताजातवाना उठून चहा मागवतो, दुसरीतला रात्रभर एसीचा रिमोट हातात घेऊन बसलेला असतो. गादी तीच, चादर तीच, टीव्हीसुद्धा तोच. फरक असतो तो भिंत कुठल्या दिशेला आहे, वर गच्ची आहे की आणखी एक मजला, आणि खाली लग्नाचा हॉल आहे की पार्किंग, याचा. खान्देशात तर हा फरक जरा जास्तच जाणवतो. रिसेप्शनवरच्या माणसाकडे त्या दिवशी त्याच दराच्या पाच-सहा खोल्या रिकाम्या असतात आणि जो काही विचारत नाही त्याला कॉम्प्युटरवर पहिली दिसेल ती मिळते. म्हणून काय विचारायचं, कधी विचारायचं आणि खोलीत शिरल्यावर काय तपासायचं, ते क्रमाने सांगतो.

साखळी हॉटेलचं नाव किती कामाचं

साखळी हॉटेल म्हणजे देशभर एकाच नावाने चालणारी हॉटेलं. आपल्याकडे मध्यम दराच्या साखळीची कल्पना रुजवली ती टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने. २००४ मध्ये बेंगळुरूला ‘इंडीवन’ नावाने पहिलं हॉटेल निघालं, तेच पुढे ‘जिंजर’ झालं. सूत्र सोपं होतं: खोली लहान पण स्वच्छ, गादी चांगली, गरम पाणी हमखास, बाकी थाटमाट नाही. पुढे बऱ्याच कंपन्या ह्याच वाटेने आल्या आणि मोठ्या शहरांतून मध्यम शहरांत उतरल्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अशा शहरांत इमारत बहुतेकदा स्थानिक मालकाची असते. कंपनी नाव देते, बुकिंगची व्यवस्था देते, चादरी-टॉवेल-साबणाचे नियम घालून देते. काही ठिकाणी तर जुन्याच हॉटेलवर नवी पाटी लागलेली असते. तेव्हा पाटीवरून चादर स्वच्छ असेल इतपत भरवसा धरायला हरकत नाही. पाइप किती जुने, खिडकीची फट किती मोठी, जनरेटर किती ताकदीचा, हे पाटी सांगत नाही. ‘खोल्यांचं नूतनीकरण कधी झालं?’ हा प्रश्न फोनवर बिनधास्त विचारा. काही हॉटेलांत दोन मजले नवे आणि दोन जुने असतात, दर मात्र सारखाच.

आधी बाजू ठरवा

जळगावला उतरायचं तर ढोबळ दोन पर्याय असतात. एक, स्टेशन, नवी पेठ, नेहरू चौक, टॉवर चौक ह्या भागात. दुसरा, महामार्गाच्या कडेला, अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक किंवा एमआयडीसीच्या बाजूला. सराफ बाजारात सोनं घ्यायला आलात किंवा गाडी रात्री-अपरात्री पोचणार असेल तर गावात उतरा. अजिंठा लेणी, गांधीतीर्थ किंवा विद्यापीठात काम असेल आणि स्वतःची गाडी असेल तर महामार्गाची बाजू बरी. पार्किंगची कटकट नसते.

धुळ्याचं गणित वेगळं. तिथे रेल्वेने येणारे थोडे, कारण चाळीसगावहून येणारा फाटा धुळ्यालाच संपतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते मात्र इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे बरीचशी मोठी हॉटेलं रस्त्याच्या बाजूची आणि गिऱ्हाईक गाडीवाला. भुसावळला लोक उतरतात ते रेल्वेसाठी. पहाटे दुसरी गाडी पकडायची असेल आणि चार-पाच तासांचाच प्रश्न असेल तर आधी स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमची चौकशी करा, हॉटेलचा पूर्ण दिवस वाया घालवू नका. जळगाव तिथून जेमतेम २५ किलोमीटर.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी वार बघूनच खोली घ्यावी. लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी रात्री जळगावात मुक्काम टाकून सोमवारी सकाळी लेण्यांना निघालेली मंडळी दर हंगामात भेटतात. अंतर साधारण ६० किलोमीटर, पुढे फर्दापूर फाट्याला स्वतःची गाडी सोडून बसने चार किलोमीटर. म्हणजे सकाळी लवकर निघावं लागतं आणि हॉटेलचा नाश्ता त्याआधी सुरू होतो का, हेही विचारून ठेवावं लागतं.

तारीख

सोमवार ते गुरुवार इथल्या हॉटेलांत बियाणं-खतं-ठिबकच्या कंपन्यांची माणसं, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि बँकांचे ऑडिटर असतात. शुक्रवारी ते घरी जातात. शनिवार-रविवार खोल्या रिकाम्या असतील असं वाटतं खरं, पण लग्नसराईत तसं होत नाही. तुळशीच्या लग्नानंतरचे आठवडे, मग माघ-फाल्गुन, मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासचा चैत्र-वैशाख. ह्या दिवसांत मुहूर्त असला की पूर्ण मजलेच्या मजले वऱ्हाडासाठी घेतलेले असतात. खोली मिळाली तरी हॉटेलची सगळी माणसं हॉलवर राबत असतात आणि तुमचा चहा पाऊण तासाने येतो. मुहूर्ताच्या तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात, बुकिंगआधी एकदा नजर टाकायला काय जातं?

ॲपवर बघा, मग फोन करा

ॲपवर दर बघा, फोटो बघा, अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतल्या तक्रारी वाचा. ‘सर्व्हिस चांगली’, ‘स्टाफ नम्र’ ह्यातून काही कळत नाही. ‘एसी’, ‘आवाज’, ‘गरम पाणी’, ‘वास’ हे शब्द शोधा. मे महिन्यात लिहिलेली तक्रार डिसेंबरातल्या दहा कौतुकांपेक्षा जास्त सांगून जाते.

मग फोन. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर नको, तिथे बसलेल्याला ते हॉटेल माहीतही नसतं. थेट हॉटेलच्या रिसेप्शनवर लावा आणि तोही दुपारी तीन ते पाचच्या मध्ये. सकाळी चेक-आउटची गर्दी, संध्याकाळी चेक-इनची. दुपारी तो माणूस निवांत असतो आणि निवांत माणूस खरं बोलतो. संभाषण साधारण असं व्हावं:

‘दादा, १४ तारखेला एक रात्र डबल रूम पाहिजे. हॉलवर त्या दिवशी काही कार्यक्रम आहे का?’

‘हो ना भाऊ, हळद आहे संध्याकाळी.’

‘हॉल बंद आहे की लॉन?’

‘लॉन आहे, मागच्या बाजूला.’

‘मग पुढच्या बाजूची द्या. गच्चीखालची नको, पश्चिमेची नको, लिफ्टला लागून नको. आणि लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो का, की नुसते दिवे?’

शेवटच्या प्रश्नाला जो थांबून उत्तर देतो त्याचं उत्तर बहुधा ‘नुसते दिवे’ असंच असतं. मे महिन्यात ह्या एका उत्तरावर हॉटेल बदलायला हरकत नाही. आणखी एक: ‘डीलक्स’, ‘एक्झिक्युटिव्ह’, ‘सुपीरियर’ ह्या नावांत गुंतू नका. खोली किती चौरस फुटांची ते विचारा. ह्या दर्जाच्या हॉटेलात साधारण १८० ते २५० चौरस फूट असते. पुष्कळदा दोन प्रकारांत फरक नुसता वरच्या मजल्याचा असतो, आणि उन्हाळ्यात वरचा मजला म्हणजे जास्त पैसे मोजून विकत घेतलेला ताप. बोलणं झालं की रिसेप्शनिस्टचं नाव विचारून घ्या आणि ठरलेलं व्हॉट्सॲपवर एका ओळीत पाठवा.

बुकिंग ॲपवरून करावं की थेट? दोन्हीकडचे दर विचारा. थेट बुकिंगला हॉटेलला दलाली द्यावी लागत नाही, म्हणून दर तोच ठेवून नाश्ता किंवा उशिराचं चेक-आउट पदरात पडू शकतं. रद्द करण्याची अट मात्र लेखी हवी.

ऊन: कुठली भिंत, कुठला मजला

ह्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ च्या वर जातो आणि रात्रीही धड उतरत नाही.

जळगाव जवळपास २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळांमधून शून्य सावलीचा दिवस साजरा करतात तो हाच. सूर्य डोक्यावर म्हणजे सगळ्यात जास्त ऊन गच्चीवर पडतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडायला लागतो. म्हणजे नेमकी आपली जेवून झोपायची वेळ. गच्चीखालच्या खोलीत रात्री अकराला छताकडे हात उंच केला तर वरून झळ जाणवते. एसी थकत नाही, पण जिंकतही नाही. गच्चीवर चुन्याचा पांढरा थर किंवा वर पत्र्याची शेड असेल तर बराच फरक पडतो. तरीही निवड असेल तर गच्चीखालची खोली नकोच.

मग भिंती. उन्हाळ्यात पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि दुपारपर्यंत निवायला लागते. पश्चिमेची दुपारी दोननंतर तापायला लागते ती सूर्य मावळेपर्यंत, आणि संध्याकाळी तुम्ही खोलीत शिरता तेव्हा ती ऐन भरात असते. समोरून काचेची नक्षीदार बाजू असलेल्या नव्या इमारतीत पश्चिमेची खोली म्हणजे शेगडीच. दक्षिणेची भिंत मात्र मे-जूनमध्ये जवळजवळ उन्हातच येत नाही, कारण सूर्य डोक्यावरून जातो, कधी किंचित उत्तरेकडूनही. आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की हीच खोली उबदार. तेव्हा दक्षिणेची, मधल्या मजल्यावरची खोली बाराही महिने चांगली. लोक वास्तूच्या भीतीने दक्षिण टाळतात, त्यामुळे ती रिकामी मिळण्याची शक्यताही जास्त! उत्तरेची दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, पूर्वेची तिसऱ्या.

दिशा कळायला होकायंत्र लागत नाही. फोनवर नकाशा उघडा, हॉटेलची इमारत मोठी करून बघा, समोरचा रस्ता कुठल्या बाजूला आहे ते पाहा आणि रिसेप्शनला ‘रस्त्याच्या बाजूची’ किंवा ‘मागची’ असं सांगा. ‘दक्षिणेची द्या’ म्हटलं तर तोही गोंधळतो.

आवाज

इथे शत्रू चार: हॉल, महामार्ग, लिफ्ट आणि जनरेटर.

हॉलचं आधी. मध्यम दराच्या हॉटेलांना ह्या भागात खोल्यांइतकीच कमाई लग्न-हळद-साखरपुड्यांतून होते, म्हणून हॉल किंवा लॉन बहुतेकांकडे असतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगतात. पण ही बंदी उघड्या जागेला आहे. चारही बाजूंनी बंद असलेल्या बँक्वेट हॉलला त्यातून सूट मिळते. म्हणून फोनवर ‘हॉल की लॉन’ असं विचारायचं. लॉनवरचा डीजे दहाला थांबला पाहिजे, न थांबल्यास ११२ वर तक्रार करता येते. बंद हॉलमधली गाणी ऐकू येत नाहीत, पण त्यातला धप-धप आवाज खांबांतून वर चढतो आणि थेट उशीपर्यंत पोचतो. हॉलच्या बरोबर वरचा मजला आणि त्याच्या वरचा, हे दोन्ही टाळा.

महामार्गाकडची खोली बघायला झकास, पण ट्रक रात्रीच जास्त चालतात आणि त्यांचे हॉर्न साधे नसतात. खिडकीला जाड दुहेरी काच असेल तर प्रश्न नाही. नसेल तर मागची बाजू घ्या, फक्त मागे जनरेटर किंवा किचनचा एक्झॉस्ट आहे का ते विचारून. लिफ्टच्या शेजारची खोली घेऊ नका, हाउसकीपिंगच्या पँट्रीशेजारची तर अजिबात नको. तिथे पहाटे साडेपाचला ट्रॉली आणि पोरांच्या गप्पा, दोन्ही सुरू होतात. कॉरिडॉरच्या मध्यावरची खोली सहसा सगळ्यांत शांत.

किल्ली हातात घेण्याआधी

ओळखपत्र मूळ हवं. आधार देणार असाल तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्या, तेवढं पुरतं. आणि खास आपल्या भागातल्या वाचकांसाठी: काही हॉटेलं स्थानिक पत्त्याच्या ओळखपत्रावर खोली देत नाहीत. चोपड्याहून किंवा पाचोऱ्याहून जळगावच्या लग्नाला आलेल्या कुटुंबाला ऐन वेळी ‘लोकल आयडी चालत नाही’ असं ऐकावं लागतं. कायद्यात असं काही नाही, हॉटेलचा आपला नियम असतो. पण रात्री दहाला काउंटरवर भांडण्यापेक्षा बुकिंगच्या फोनवरच विचारलेलं बरं.

पैसे भरण्याआधी ‘खोली एकदा बघतो’ म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सामान खालीच ठेवा, कारण सामान वर गेलं की माणूस आहे ते गोड मानून घेतो. वर गेल्यावर हा क्रम ठेवा:

१. दार उघडताच वास घ्या. कुबट वास म्हणजे ओल किंवा एसीची तुंबलेली जाळी, सिगारेटचा म्हणजे पडद्यात मुरलेला. दोन्ही रूम फ्रेशनरने जात नाहीत. शिरल्या शिरल्या फ्रेशनरचाच भपका आला तर आणखी सावध.

२. एसी लगेच लावा, २४ वर, पंखा मध्यम. बाकीचं तपासून होईस्तोवर आठ-दहा मिनिटं जातात. मग झडपेसमोर हात धरा. हवा गार लागली पाहिजे आणि आवाज एकसुरी पाहिजे. मध्येच खडखड, किंवा खाली भिंतीवर पाण्याचा ओघळ सुकलेला दिसला तर दुसरी खोली मागा.

३. गादीचा कोपरा उचला. चादर बाजूला करून शिवणीत बघा. काळसर-तपकिरी बारीक ठिपके दिसले तर ढेकूण. इथे चर्चा नाही, खोली बदला, आणि शेजारची नको, दुसऱ्या मजल्यावरची मागा.

४. गरम पाण्याचा नळ सोडा आणि शॉवरही. फ्लश ओढा. बाथरूमची जाळी तुंबलेली नाही ना, ते पाणी वाहताना कळतं.

५. पलंगाजवळ प्लग आहे का, दाराची आतली कडी नीट बसते का, फोनला रेंज आहे का. काचेच्या बंद इमारतीत आतल्या खोल्यांना रेंजची बोंब असते.

एवढं पाहून पसंत पडली तर खाली येऊन सही करा.

झोपेची तयारी

चाव्यांऐवजी कार्ड असतं, ते भिंतीतल्या खाचेत घातलं की वीज सुरू. बाहेर पडताना कार्ड काढलं की एसी बंद. दुपारी दोन तास जेवायला गेलात की खोली पुन्हा तापलेली. काही जण खाचेत जुनं व्हिजिटिंग कार्ड अडकवून एसी चालू ठेवून जातात. मला ते पटत नाही, आणि त्याची गरजही नसते. निघताना जाड पडदे पूर्ण ओढून जा. परत येण्याच्या अर्धा तास आधी रिसेप्शनला फोन करून ‘२०४ चा एसी लावून ठेवता का’ म्हटलं तर बहुतेक ठिकाणी लावून ठेवतात.

एसी १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त थांबायचं नाव घेत नाही आणि पहाटे तुम्ही कुडकुडत उठता. २४-२५ आणि सोबत पंखा, हे सगळ्यांत सुखाचं. २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसींना सुरू होतानाच २४ अंश लावून देतात. अडचण अशी की साखळी हॉटेलांच्या खोल्यांत फॉल्स सीलिंगमुळे पुष्कळदा छताचा पंखाच नसतो, आणि पंख्याच्या आवाजाशिवाय झोप न येणारी माणसं खान्देशात घरोघरी आहेत. पंखा हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. नसेल तर स्टँडवरचा मागा, बहुतेकांकडे एखादा असतो.

उशी फार जाड असते, मान अवघडते. पातळ मागा. पांढरं दुलईसारखं पांघरूण गरम होत असेल तर नुसती जास्तीची चादर मागा. दोन्ही फुकट मिळतं, पण रात्री नऊच्या आत मागा. नंतर हाउसकीपिंगला एखादाच माणूस उरतो.

थंडीत उलट तऱ्हा. निफाडसोबत धुळ्याचंही नाव किमान तापमानाच्या बातम्यांत येतं, ते उगाच नाही. तेव्हा एसीचा विचार सोडा, खिडकी उघडते का ते बघा आणि जास्तीचं ब्लँकेट घ्या.

पाणी आणि बाथरूम

टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या हॉटेलांत पाण्यात क्षार फार. साबणाला फेस येत नाही, केस चिकट-राठ होतात, शॉवरची निम्मी भोकं पांढऱ्या थराने बुजलेली असतात. शॉवरमधून धार वाकडीतिकडी उडाली की समजा, गिझरच्या आतही तोच थर बसलाय आणि पाणी तापायला वेळ लागणार. पाणी मऊ करायचं यंत्र असलेली हॉटेलं तसं अभिमानाने सांगतात. नसेल तर केस धुण्याचं काम घरी गेल्यावर करा.

गच्चीवर सोलर असेल तर गरम पाणी संध्याकाळी भरपूर आणि पहाटे जेमतेम असतं. शिवाय लांबच्या खोलीपर्यंत यायला नळ दोन-तीन मिनिटं सोडावा लागतो. ते गार पाणी बादलीत धरा, वाया घालवू नका. बादली? हो, नव्या खोल्यांत बादली-मग नसतोच. मागितला की येतो. घरच्या मोठ्या माणसांसाठी सोबत प्लास्टिकचं स्टूलही मागा, कारण शॉवरखाली उभं राहून आंघोळ करणं त्यांना झेपत नाही आणि ओल्या टाइलवर पाय घसरतो.

वऱ्हाड घेऊन येणार असाल तर

जानोशासाठी, म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामासाठी, खोल्या घेताना एका खोलीत किती माणसं, हे लेखी ठरवा. साखळी हॉटेलात दोन मोठी आणि एक जास्तीची गादी, ह्यापलीकडे सहसा जाऊ देत नाहीत; ‘अहो, सगळे घरचेच आहेत’ हे तिथे चालत नाही. मोठ्यांना लिफ्टच्या जवळच्या पण लागून नसलेल्या खोल्या द्या. तरुण पोरांना हॉलच्या वरच्या मजल्यावर टाका, ती तशीही झोपणार नसतात. नवरा-नवरीच्या खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर. सगळ्या चाव्यांची यादी, कुठल्या खोलीत कोण, घरातल्या एकाच खंबीर मावशीकडे ठेवा.

खाणं

नाश्ता दरात असेल तर खा, पोहे-उपमा-ऑम्लेट सगळीकडे एकसारखंच असतं. जेवणासाठी मात्र हॉटेलच्या मेनू कार्डावर वेळ घालवू नका. थंडीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, एरवी शेवभाजी नाहीतर वरण-बट्टी, हे बाहेरच खायचं. खोलीत घेऊन यायचं असेल तर आधी विचारा, आणि खाऊन झाल्यावर डबे खोलीत ठेवू नका. भरितातला ठेचलेला लसूण एसीच्या बंद खोलीत सकाळपर्यंत सोबत करतो.

तक्रार करायची झाली तर

तक्रार तोंडी आणि मोघम केली की ‘पाठवतो साहेब’ एवढंच होतं. वेळ घालून सांगा: ‘एसी गार होत नाही, अर्ध्या तासात माणूस आला नाही तर खोली बदलून द्या.’ सवलत मागू नका, खोली मागा. सवलतीला वरिष्ठांची परवानगी लागते, खोलीला फक्त रिकामी खोली लागते. आणि हे सगळं रात्री साडेआठच्या आत. त्यानंतर खोल्या भरतात आणि काउंटरवर रात्रपाळीचा एकटा मुलगा राहतो, त्याच्या हातात काही नसतं. फोटो काढून ठेवा. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बिल

आदल्या रात्रीच बिलाचा कच्चा तपशील मागून ठेवा, सकाळी गाडीच्या घाईत वाचलं जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, आधी तो १२ होता. त्यापुढच्या खोलीवर १८. जुना दर लावलेला दिसला तर दाखवून द्या. कंपनीच्या नावे बिल हवं असेल तर जीएसटी क्रमांक चेक-इनलाच द्या, नंतर बिल फिरवायला टाळाटाळ होते.

जेवणाच्या बिलात आपोआप सेवा शुल्क लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. काढून टाका म्हटलं की काढतात. टीप द्यायची ती खोली आवरणाऱ्याच्या हातात द्या. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं म्हणून मात्र वाद घालू नका. हॉटेलांना तशी मुभा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिलाय. खोलीत रोजच्या दोन बाटल्या फुकट असतात, त्या आधी संपवा.

चेक-आउटची वेळ नीट विचारा. साखळीत दुपारी दोनला आत आणि अकरा-बाराला बाहेर असा नियम असतो, जुन्या स्थानिक हॉटेलांत चोवीस तासांचा. रात्री तीनच्या गाडीने उतरणाऱ्याला चोवीस तासांवालं स्वस्त पडतं, कारण साखळीत त्याला आदल्या दिवसाचे पैसे भरावे लागतात. गाडी संध्याकाळची असेल तर खोली सोडून सामान रिसेप्शनला पावती घेऊन ठेवा, ते फुकट असतं. सोनं घेतलं असेल तर ते मात्र त्या सामानात ठेवू नका.